आरोपीस वकील नको

आमच्या टायपिंगच्या दुकानात वकीलपत्राचे कोरे फॉर्म गठ्ठ्यानं असायचे. क्रांती चौकातून अदालत रोडला लागलं की एका बोळीत हे दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीला लागून पक्षकारांना बसायला एक बाक. सकाळचं कॉलेज आटोपून मी अकरा वाजता तिथं जायचे आणि कोर्ट सुटेपर्यंत टायपिंग करायचे. जामीन अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मुदतवाढीचे अर्ज. ‘अर्जदार निर्दोष असून त्यास खोट्या गुन्ह्यात गोवण्यात आले आहे’ हे वाक्य माझी बोटं न बघता लिहायची. ते कधी आमच्याच घरासाठी लागेल असं मनातही आलं नव्हतं.

आम्ही पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला, मेंढपाळांच्या वस्तीत राहायचो. मूळ गाव अजिंठ्याच्या डोंगराकडं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. मी शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा दादांनी फिरणं सोडून इथं मुक्काम पक्का केला. चाळीसएक मेंढरं होती. मेंढरांवर भागत नसे, म्हणून आई बांधकामावर जायची आणि दादाही अधूनमधून जायचे. म्हणजे झालं असं होतं की जी घरं आमची चराई खात होती, त्याच घरांच्या विटा आई वाहत होती. चरायच्या रानात एके दिवशी चुन्याच्या रेघा दिसायच्या, मग सिमेंटचे खांब, मग प्लॉट विकणे असल्याची पाटी. दादा चौथी शिकलेले. ते उभं राहून पाटी पूर्ण वाचायचे आणि मेंढरं दुसरीकडं वळवायचे.

त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली. वस्तीला आठवड्यातून एकदा टँकर यायचा. त्यात माणसांचंच भागत नव्हतं. रस्त्याच्या पलीकडून शहराकडं जाणारी मोठी जलवाहिनी होती. तिच्या एका व्हॉल्व्हमधून पाणी झिरपायचं आणि खाली खड्ड्यात साचायचं. वस्तीतली सगळी जनावरं त्या खड्ड्यावर प्यायची. आमचीही.

त्या जलवाहिनीची देखभाल एका ठेकेदाराकडं होती. उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी त्याचा सुपरवायझर दोन कामगार आणि एका पोलीस शिपायाला घेऊन तिथं आला. व्हॉल्व्हचं चाक तुटलेलं होतं आणि पाण्याचा फवारा माणसाच्या डोक्याच्या वर उडत होता. खाली दादा मेंढरांना पाणी पाजत उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड होती. लिंबाच्या, बाभळीच्या फांद्या पाडायला मेंढपाळाजवळ कुऱ्हाड असतेच. पण बघणाऱ्याला जे दिसायचं ते दिसलं. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून गुन्हा दाखल झाला. दादांना धरून नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात हजर करायचं ठरलं.

मी दुकानात मालकांना सांगितलं. ते म्हातारे गृहस्थ होते, आयुष्य त्या बोळीत गेलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“जा बेटा, तू जा,” ते म्हणाले. “मशीन मैं देखता. और वो फॉर्म लेके जा. साइन होना पहले.”

आमच्या दुकानात येणारे एक ज्येष्ठ वकील फी न घेता उभं राहायला तयार झाले होते. मी वकीलपत्राचा फॉर्म भरून घेतला आणि कोर्टाच्या व्हरांड्यात गेले. दादा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते, शेजारी शिपाई. दादांचं मुंडासं चुरगळलेलं होतं. एवढ्यानंच माझं रडू वर आलं. मी फॉर्म पुढं केला.

“दादा, इथं सही करा.”

त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. “हे कशाला?”

“तुमच्याकडनं वकील बोलतील.”

“नको.”

“दादा, उगं हट्ट करू नका.”

“मला तोंड हाये,” असं म्हणून त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. तेवढ्यात पुकारा झाला.

न्यायाधीश चाळिशीचे होते, आवाज बारीक. त्यांनी विचारलं, “तुम्हाला वकील आहे का?”

“नाय साहेब.”

“वकील करायची ऐपत नसेल तर सरकारकडून मोफत मिळतो. तो तुमचा हक्क आहे. देऊ?”

“नको.”

‘आरोपीस वकील नको’ ही ओळ मी दुकानात कितीतरी कागदांवर टाइप केली होती. ती बोलताना माणूस कसा दिसतो ते मात्र पहिल्यांदा पाहत होते. दादांनी हात जोडलेले होते, पण मान ताठ होती. मला वाटलं, आता साहेब ती ओळ लिहून घेतील आणि पुढचं प्रकरण पुकारतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“का नको?”

“मी खरंच सांगनार हाये. खऱ्याला वकील कशाला?”

“खरं सांगायलाही कधी कधी मदत लागते. तुमच्यावर जे कलम लावलंय, त्यात गुन्हा शाबीत झाला तर कैद आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

दादांनी शिपायाकडं पाहिलं. “कबूल केलं तर दंडावर मिटंल, आसं म्हनले व्हते.”

शिपायानं नजर फिरवली. न्यायाधीशांनी दादांना सावकाश, शाळेतल्या मास्तरासारखं सांगितलं की नुसत्या दंडावर हे मिटणार नाही, शिक्षा झाली तर निदान सहा महिने तुरुंगात जावं लागेल आणि समोर सरकारचा वकील असेल. मग विचारलं, “हे सगळं ऐकून तरी नको?”

मी मागच्या बाकावरून मनात हो म्हणा, हो म्हणा, असं घोकत होते.

“तरी नको,” दादा म्हणाले.

“ठीक आहे. तुमचा नकार मी लिहून घेतो. पण एक ध्यानात ठेवा. आज नको म्हणालात म्हणून हक्क गेला असं नाही. खटला अर्ध्यावर आला तरी तुम्ही वकील मागू शकता. मी स्वतः परत विचारीन.”

जामीन मंजूर झाला. मामा जामीनदार राहिले आणि संध्याकाळच्या आत दादा घरी आले. आल्या आल्या ते मेंढरांकडं गेले, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग हातपाय धुतले.

मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. राग होता आणि खरं सांगायचं तर लाजही होती. दिवसभर वकिलांच्या गराड्यात बसणारी मी, आणि माझाच बाप वकील नको म्हणतो. दुकानात येणारे एकदोघं विचारायचे, काय गं, तुझे वडील स्वतःच केस लढवणार म्हणे? ते हसून विचारायचे, मीही हसायचे, आणि घरी आल्यावर भांडी आपटायचे.

पाचव्या दिवशी आईनं मला ओट्यावर बसवलं.

“तुझ्या थोरल्या चुलत्याचं तुला म्हाईत नाय,” ती म्हणाली. “लई वर्षांमागं अजिंठ्याकडं त्याची मेंढरं जंगलात शिरली. मेंढरं जप्त झाली, केस झाली. त्यानं वकील केला. वकिलानं सांगितलं, मेंढरं माझी नायती म्हन, म्हंजे सुटशील. त्यानं तसंच सांगितलं.”

“मग?”

“सुटला की. पन मेंढरं बेवारशी ठरली आन् लिलावात गेली. गाडीत चढवताना त्याच्याकडं बघून वरडत व्हती म्हनं. तुझा बाप तिथं उभा व्हता, मिसरूड फुटलं नव्हतं त्याला. थोरला पुढं कधी कोर्टाच्या रस्त्यानं गेला नाय. माझ्या तोंडानं मी त्यांना नाय म्हनलो, हेच घोकत ऱ्हायला.”

त्यानंतर मी दादांशी बोलायला लागले. पण भीती गेली नव्हती. चुलत्यांनी वकिलाचं ऐकून जे गमावलं, ते दादा वकील न करता गमावतील की काय, असं वाटायचं.

दोषारोप ठेवायची तारीख आली. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

“पानी पाजलं, ते कबूल,” दादा म्हणाले. “फोडलं नाय.”

लिहून घेणारे बाबू थांबले. त्यांना कबूल लिहावं की नाकबूल, कळेना. न्यायाधीशांनी सांगितलं, “गुन्हा नाकबूल, असं लिहा.” मग दादांकडं वळून, ठरल्याप्रमाणे, पुन्हा वकिलाचं विचारलं. पुन्हा नको.

“बरं. मग असं करू. मोफत वकील देणारी विधी सेवा आहे, तिथून एक वकील तुमच्याकडं पाठवतो. तुमच्याऐवजी बोलायला नाही. हे सगळे कागद तुम्हाला समजावून सांगायला. ते चालेल?”

दादांनी विचार केला. “कागद समजावाया चालंल.”

पुढच्या रविवारी त्या वकीलबाई वस्तीवर आल्या, स्कूटीवरून, डोक्याला ओढणी गुंडाळून. वय तिशीच्या आसपास असेल. त्यांना वस्तीतल्या पायवाटेवर स्कूटी आणता येईना, म्हणून रस्त्यावरच लावून चालत आल्या. आईनं कोरा चहा दिला. त्यांनी फाइल उघडलीच नाही. खाटेवर बसल्या, चहा संपवला आणि म्हणाल्या, “काका, तुम्हाला वकील नको, ते मला माहीत आहे. का नको, ते मला सांगाल?”

दादांनी चुलत्यांची गोष्ट सांगितली. मी त्यांच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकली. आईनं सांगितलं त्याहून ती लहान होती, चारपाच वाक्यांत संपली.

वकीलबाई म्हणाल्या, “त्या वकिलानं चूक केली. अशिलाच्या तोंडी खोटं घालायचा वकिलाला अधिकार नाही. तुम्हाला नको ते मी बोलले, तर तुम्ही भर कोर्टात उठून मला काढून टाकू शकता.”

“तुमाला काढता येतं व्हय?”

“एका अर्जावर. तुमची मुलगीच टाइप करेल.”

दादा हसले. अटकेपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग वकीलबाईंनी फाइल उघडली. पंचनामा, म्हणजे त्या जागी पोलिसांनी काय काय पाहिलं त्याची नोंद, त्या एकेक ओळ वाचू लागल्या. दादा डोळे मिटून ऐकत होते. ‘व्हॉल्व्हभोवती अंदाजे दहा फुटांच्या परिसरात हिरवे गवत’ अशी एक ओळ आली आणि दादांनी डोळे उघडले.

“परत वाचा.”

त्यांनी परत वाचली.

“कसलं गवत, ते लिवलंय का?”

“नाही. नुसतं हिरवं गवत.”

“लव्हाळा व्हता,” दादा म्हणाले. “मधी थोडी हरळी. लव्हाळा वलीवर येतो. आन् तो एका दिवसात येत नाय बाई. सगळं रान करपलंय, आन् तिथंच घोट्याच्या वर लव्हाळा कसा? पानी आधीपासनं गळत व्हतं म्हून. मी मेंढरं पैल्यांदा तिथं नेली ती हिरवं दिसलं म्हूनच की.”

वकीलबाईंनी पेन काढलं. त्यांचं बालपण शहरात गेलेलं; लव्हाळा त्यांना माहीत नव्हता. त्यांनी तो कसा असतो, पात कशी, खाली गाठ कशी, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “चला, जागा दाखवा.”

आम्ही तिघं गेलो. व्हॉल्व्ह नवा बसवला होता, थेंबही गळत नव्हता. भोवती वाळलेल्या काड्यांचं तपकिरी वर्तुळ उरलं होतं. दादांनी बसून एक काडी उपटली. “बघा. पानी बंद, गवत मेलं.”

परत येताना त्या म्हणाल्या, “काका, हे मला कुठल्याच पुस्तकात मिळालं नसतं. पण हे कोर्टात मांडायचं कसं, ते तुम्हाला मी शिकवते. चालेल?”

दादा म्हणाले, “शिकवा.”

साक्षी सुरू व्हायला दीड वर्ष गेलं. तेवढ्या काळात एक पावसाळा बरा गेला आणि दुसरा पुन्हा कोरडा. चुन्याच्या रेघांच्या जागी तीन मजली इमारत उभी राहिली, तिच्या गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आल्या. आमची निम्मी मेंढरं विकावी लागली. माझं कॉलेज संपलं. या सगळ्यात दर तारखेला दादा धुतलेलं मुंडासं बांधून कोर्टात जात राहिले. वकीलबाई शेजारी बसायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. तसंच ठरलं होतं.

त्या मला घरी सरावही घ्यायला सांगायच्या. मी सुपरवायझर व्हायचे आणि दादांनी मला प्रश्न विचारायचे. दादांना प्रश्न विचारताच येत नसे. ते सांगायचे. “तुमी बघितलंच नाय मला फोडताना,” असं म्हणायचे. मी म्हणायचे, “दादा, हा प्रश्न नाय झाला.” ते पुन्हा सुरू करायचे आणि टँकर, पाऊस, प्लॉट असं करत कुठल्या कुठं जायचे. आई चुलीपासून म्हणायची, “जज्जसाहेब पेंगतील तवर.”

सुपरवायझरच्या साक्षीचा दिवस आला. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. सरकारी वकिलांनी विचारलं तसं त्यानं सगळं सांगितलं. फवारा, मेंढरं, कुऱ्हाड. ऐकताना मलासुद्धा क्षणभर वाटलं की माझ्या बापानंच फोडलं असणार.

“आरोपीला काही विचारायचंय?” न्यायाधीश म्हणाले.

दादा उठले. “तुमी मला फोडताना बघितलं नाय.”

“असं नाही. प्रश्न विचारा.”

दादांनी घसा साफ केला. “त्या साली टँकर आठ-आठ दिस येत नव्हता. पोरंबाळं, जनावरं...”

“ते तुमच्या जबाबात सांगता येईल,” न्यायाधीशांनी शांतपणे थांबवलं. “आता या साक्षीदाराला काय विचारायचंय ते विचारा.”

दादांनी समोरचा लाकडी कठडा धरला. घरी चुकले तर हसायला आम्ही होतो. इथं सगळे वाट बघत होते. त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं नाही. ते वकीलबाईंकडं वळले.

“बाई, तुमी इचारा.”

न्यायाधीशांनी विचारलं, “म्हणजे तुम्हाला आता वकील हवाय?”

“व्हय साहेब. हवा,” दादा म्हणाले. “पन एक सवाल माझा ऱ्हाऊ द्या.”

न्यायाधीशांनी बाबूंना तसं लिहून घ्यायला सांगितलं. मला वाटलं होतं, दादा कधी असं म्हणाले तर ते हरल्यासारखे दिसतील. पण ते खाली बसले तेव्हा त्यांच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं.

वकीलबाई उठल्या. त्यांचे प्रश्न छोटे छोटे होते.

“चाक तोडताना आरोपीला तुम्ही पाहिलंत?”

“नाही. मी गेलो तेव्हा तुटलेलं होतं.”

“त्याआधी हा व्हॉल्व्ह कधी तपासला होता?”

“नक्की आठवत नाही.”

“तपासणीची वही असते?”

“असते.”

“आज आणलीय?”

“नाही.”

“आरोपीची कुऱ्हाड जप्त केली. लोखंडावर घाव घातला तर धार मोडते. पंचनाम्यात धार मोडल्याचं लिहिलंय?”

त्यानं कागद पाहिला. “नाही.”

“व्हॉल्व्हभोवती हिरवं गवत होतं, असं लिहिलंय?”

“हो.”

वकीलबाई न्यायाधीशांकडं वळल्या. “पुढचा प्रश्न माझ्या अशिलाचा आहे. परवानगी असावी.”

न्यायाधीशांनी मान हलवली. दादा उठले. या वेळी त्यांनी कठडा धरला नाही.

“ते गवत लव्हाळा व्हतं का?”

सुपरवायझरनं पहिल्यांदाच दादांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. “व्हय. लव्हाळा होता.”

“केवढा?”

“घोट्याच्या वर.”

“तुमी शेतकऱ्याचं?”

“व्हय. शेती हाये गावाकडं.”

“मंग सांगा. अशा कोरड्या सालात लव्हाळा घोट्याच्या वर याया किती दिस पानी लागतं?”

सरकारी वकील उठून म्हणाले की साक्षीदार काही गवताचा जाणकार नाही. न्यायाधीश म्हणाले, “शेतकरी आहे. माहीत असेल तर सांगू द्या.”

सुपरवायझर हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होता. माहीत नाही, असं त्यानं म्हटलं असतं तर कुणी त्याला धरलं नसतं. त्याची नोकरी त्याच ठेकेदाराकडं होती. तो मान वर करून म्हणाला, “तीन आठवडे तरी लागत्यात.”

“म्हंजे पानी कवापासनं गळत व्हतं?”

“आधीपासनंच,” तो म्हणाला. इस्त्रीच्या शर्टातून त्याचं गाव बोलत होतं. “चाक जुनं व्हतं. गंजलेलं.”

बाबूंनी शब्द न् शब्द लिहून घेतला.

बाहेर व्हरांड्यात तो दादांजवळ आला. मला वाटलं, भांडणार. तो म्हणाला, “काका, कुऱ्हाड बघितली अन् मेंढरं बघितली. दुसरा इचारच मनात आला नाय. आमची सवताची जनावरं त्या साली चारा छावणीत व्हती, तरी आला नाय.”

दादांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. “आज बोललास ना. लई झालं.”

निकाल आणखी काही महिन्यांनी लागला. फोडताना कुणी पाहिलं नाही, गळती आधीपासून होती, कुऱ्हाडीवर खूण नाही. म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता. आई कोर्टाच्या पायरीवर बसून रडली. मी दुकानात जाऊन मालकांना सांगितलं, तर त्यांनी मशीन बंद केलं आणि बोळीतल्या सगळ्यांना चहा पाजला. एकटे दादा नाराज होते.

“संशयाचा फायदा म्हंजे काय?” त्यांनी वकीलबाईंना विचारलं.

“पुराव्यानं गुन्हा शाबीत झाला नाही, असा अर्थ आहे काका.”

“म्हंजे संशय हाये म्हना अजून. मी केलंच नाय तर फायदा कसला?”

वकीलबाईंनी समजावलं की ही कागदावरची भाषा असते, तुम्ही पूर्ण सुटलात. दादांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मेंढरं सोडताना मला म्हणाले, “त्या बाईला जेवाया बोलव.” त्या आल्या. आईनं बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण केलं. दादांनी त्यांना घोंगडीवर बसवलं, आणि आमच्याकडं तो मान फार मोठ्या पाहुण्यालाच देतात.

वकीलबाईंच्याच सांगण्यावरून मी पुढं विधी सेवेची स्वयंसेवक झाले. अजूनही आठवड्यातून दोन दिवस कोर्टात टेबल मांडून बसते. वकील नको म्हणणारी माणसं येतात. कुणाला वाटतं, वकील केला म्हणजे गुन्हा केल्यासारखं दिसतं. कुणाला मोफत म्हणजे हलकं वाटतं. एका बाईंना वाटत होतं की सरकारी वकील देतो म्हणतात तो समोरच्याच बाजूचा. मी प्रत्येकाचं ऐकून घेते, घाई करत नाही, आणि समजून घेऊनही कुणी नको म्हणालं तर तसंच लिहून देते. बहुतेक जण हो म्हणतात.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात दादा एकदा स्वतःहून दुकानात आले. त्याआधी ते कधी बोळीत शिरले नव्हते. दाराशी चपला काढून ते बाकावर बसले.

“एक कागद करायचाय,” म्हणाले.

त्या व्हॉल्व्हपाशी जनावरांसाठी हौद बांधून द्यावा, आठवड्यातून ठरल्या दिवशी त्यात पाणी सोडावं, असं त्यांना मागायचं होतं. चोरून नको, गळकं नको, रीतसर. सुपरवायझरशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. लाइनमधून तेवढं पाणी देता येतं, पण वरून मंजुरी लागते, असं तो म्हणाला होता. वकीलबाईंनी फोनवर मजकूर सांगितला, मी टाइप केला. सहीच्या जागेवर मी ‘अर्जदार’ असं लिहिलं. दादांनी तो शब्द वाचला, बोट एकदा त्याच्यावरून फिरवलं आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली.

मंजुरीला आणखी एक उन्हाळा गेला. दादा दर महिन्याला जाऊन विचारायचे आणि दर वेळी अर्जाची पोचपावती बरोबर न्यायचे. हौद बांधला तेव्हा तो त्यांना फार उंच वाटला, कोकरांची तोंडं पोचणार नाहीत म्हणाले. गवंड्याशी वाद घालून त्यांनी एका बाजूनं दगडांची पायरी करून घेतली. पहिल्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा कुणाची मेंढरं आधी लावायची, यावरून वस्तीत जोराचं भांडण झालं, आणि ते मिटवायला दादाच पुढं झाले.